जुनी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय: सोलापुरात बघायची कशी, घ्यायची कशी, सांभाळायची कशी

आमचा शाळेच्या गणवेशांचा धंदा. युनिट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गिऱ्हाईक एकीकडे पुण्यात आणि दुसरीकडे हैदराबादेत. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या घरात. गाडी मी स्वतःच चालवते. सकाळी निघून रात्री घरी जेवायला पोचायचं तर गाडी नुसती आरामाची असून भागत नाही, तिच्यात दम लागतो. आणि संस्थाचालकांच्या दारात झगमगीत गाडी उभी केली की पहिलं वाक्य कानावर येतं, "ताई, मग रेट जरा कमी करा की." त्यामुळे दम असलेली पण दिमाख न करणारी गाडी मला हवी होती. ती स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये मिळाली. टीएसआय म्हणजे टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन; टर्बो इंजिनात जादा हवा ढकलून दम वाढवतो.

आता आमच्या व्यापाऱ्यांत कुणीही जुनी सेडान शोधायला लागलं की फोन मला येतो. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी गाडी नेमकी कोणती ते ओळखा

ऑक्टाव्हियाची ही पिढी भारतात ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. जुळणी आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत व्हायची. इंजिनं तीन होती: १.४ पेट्रोल, १.८ पेट्रोल आणि २.० डिझेल. बाहेरून तिन्ही गाड्या एकसारख्या. डिकीवरचा बिल्ला काढता येतो, लावताही येतो, त्यामुळे बिल्ल्यावर जाऊ नका. आरसी बुकावर सीसी बघा. १७९८ लिहिलेलं असेल तरच ती आपली गाडी. १३९५ म्हणजे १.४ आणि १९६८ म्हणजे डिझेल. एकदा तर एजंटने १.४ ची गाडी "एक पॉइंट आठच आहे, सेमच असतंय सगळं" म्हणून दाखवली होती. सेम नसतं.

१.८ मध्ये १८० पीएसची ताकद आहे आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १२५० आरपीएमपासून थेट ५००० पर्यंत सलग मिळतो. आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून बार्शी रोडचं उदाहरण देते. गाळपाचा हंगाम सुरू झाला की वैरागच्या अलीकडे उसाचे ट्रॅक्टर लागतात, एकामागे दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला. दुपदरी रस्ता, समोर मोकळं दिसतंय, पण किती वेळ मोकळं राहील सांगता येत नाही. अशा वेळी पाय दाबला की गिअरबॉक्स एकदम दोन गिअर खाली येतो आणि दुसऱ्या ट्रॉलीपासून ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापर्यंतचं अंतर श्वास रोखायच्या आत मागे पडतं. समोरच्याच्या बाजूला आपण जितका कमी वेळ राहू तितका धोका कमी. या ताकदीचा मला पटलेला उपयोग हाच. चौपदरी महामार्गावर मर्यादा ताशी १०० ची आहे आणि ती या गाडीत मोडायची काही गरज पडत नाही. १०० वर ती अगदी निवांत धावते, आत एकमेकांशी हळू आवाजात बोलता येतं.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. भारतात १.८ ला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन दिलं होतं, बाकी दोन इंजिनांना साधं बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा. तुळजापूरच्या घाटात वळणं घेताना आणि महामार्गावरच्या पुलांच्या जोडांवरून जाताना हा फरक मागच्या सीटवर बसलेल्यालाही कळतो. गाडी लिफ्टवर घेतली की मिस्त्रीला दाखवायला सांगा, मागच्या प्रत्येक चाकाकडे वेगवेगळे दांडे गेलेले दिसतात.

२०१७ मध्ये तोंडवळा बदलला आणि हेडलाइट दुभागले. माझं मत विचाराल तर त्याआधीची गाडी दिसायला जास्त शांत आणि जास्त देखणी. प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला तेव्हा १.८ बंद झाली. २०२१ मध्ये आलेली पुढची ऑक्टाव्हिया २.० इंजिनाची, १९० पीएसची. तिचा गिअरबॉक्स वेगळा, तेलात बुडालेल्या क्लचचा. बजेट तिथपर्यंत जात असेल तर तीच घ्या, खाली लिहिलेली निम्मी काळजी मिटेल. आरएस नावाच्या गाड्या म्हणजे २३० आणि २४५ पीएसचं निराळंच प्रकरण, त्या शौकिनांच्या हातात असतात आणि भाव सोडत नाहीत.

कमी रनिंगच्या मागे लागू नका

या गाडीच्या बाबतीत माझं सांगणं एवढंच, आणि लोकांना पटायला सर्वांत अवघड जातं तेही हेच. शहरात चाळीस हजार फिरलेल्या गाडीपेक्षा महामार्गावर लाखाच्या पुढे गेलेली गाडी घ्या.

कारण गिअरबॉक्समध्ये आहे. सात गिअरचा हा डीएसजी, म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डीक्यू२०० या नावाने ओळखला जातो. त्यात दोन क्लच असतात: एक पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर सांभाळतो, दुसरा दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे त्यांना थंड करायला तेल नाही. गाडी अर्ध्या क्लचवर सरकत राहिली की ते तापतात आणि झिजतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंशांत सात रस्त्याला किंवा नवी पेठेत गाडी पावलापावलाने पुढे नेत असाल तर क्लचवर काय येत असेल याचा विचार करा. तीच गाडी बाळ्याच्या पुढे गेली की सातव्या गिअरमध्ये जाते आणि तासन् तास क्लचला घासणं नावालाही नसतं. त्यामुळे मीटरवरचा आकडा इथे उलटा वाचावा लागतो.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या टॉवेलवाल्यांसाठी आम्ही दोन गाड्या एकाच दिवशी बघितल्या. पहिली जुळे सोलापुरातली, ४१ हजार फिरलेली, पॉलिश करून चकाचक. दुसरी होटगी रोडची, १ लाख १२ हजार. टॉवेलवाल्यांनी दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांना आधी पहिलीचं ब्रेकचं पेडल दाखवलं. रबरावरच्या रेघा मधोमध पार गुळगुळीत झाल्या होत्या. ४१ हजारांत एवढी झीज म्हणजे पाय सतत ब्रेकवर. मग ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवायला सांगितलं. कडेला उंचवटा चांगलाच जाणवत होता. बंपरचे चारही कोपरे टचअप केलेले. ही गाडी गल्लीबोळातच जगलेली.

दुसरीची पुढची काच तिरप्या उन्हात बघितली तर बारीक बारीक टिपक्यांनी भरलेली, बॉनेटच्या पुढच्या कडेला खड्यांचे टवके. हे दिसायला वाईट, पण महामार्गाची सही यालाच म्हणायचं. पेडलच्या रेघा मात्र स्पष्ट. मग मी मालकांना फास्टॅगचं स्टेटमेंट मागितलं. त्यांनी मोबाइलवर काढून दिलं. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, आणि दोन दिवसांनी तेच नाके उलट्या क्रमाने. आठवड्यामागून आठवडे. मीटर खरं की खोटं, गाडी कुठे फिरली, किती अंतराने फिरली, सगळं त्या एका यादीत. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे तेव्हापासूनची नोंद बहुतेक मालकांकडे मिळू शकते. जुनी गाडी घेताना ते मागायला लाजू नका. प्रामाणिक मालक नाही म्हणत नाही.

टॉवेलवाल्यांनी दुसरी घेतली. काच बदलली, बॉनेट रंगवून घेतलं, झालं.

गिअरबॉक्सची परीक्षा

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे याची खात्री करा. चालू करताना कान द्या. या इंजिनात टायमिंगला बेल्टऐवजी चेन आहे. सुरुवातीला खडखड आवाज आला आणि तो लगेच थांबला नाही तर तिथूनच नमस्कार करून निघा.

मग सपाट जागेवर डीमध्ये टाका, ब्रेकवरचा पाय हळू उचला, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावू नका. गाडीने दोरीने ओढल्यासारखं सरळ पुढे सरकायला हवं. थरथर जाणवली, स्टिअरिंगमध्ये कंप आला तर क्लच संपत आलाय. दहा-पंधरा मिनिटं चालवून गाडी तापल्यावर पुन्हा हेच करा, कारण काही गाड्या गार असताना शहाण्यासारख्या वागतात आणि तापल्यावर खरं रूप दाखवतात. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना आणि थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यात येताना धक्का बसतो का बघा. नंतर एखाद्या पार्किंगच्या चढावर रिव्हर्समध्ये हळूहळू चढवा. रिव्हर्सला सम गिअरांचा क्लच लागतो, त्यामुळे या एका चाचणीत त्याचीही खबर मिळते.

त्यानंतर स्कॅनर लावून घ्या. साधा ब्लूटूथवाला नको. फोक्सवॅगन-स्कोडाचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गिअरबॉक्सच्या कंप्युटरमध्ये खोलवर जाणारा स्कॅनर असतो. क्लच किती झिजलाय आणि किती वेळा प्रमाणाबाहेर तापलाय याचा अंदाज त्यातून येतो. मालक "कशाला उगाच" म्हणाले तर त्या "कशाला"तच उत्तर असतं. गिअरबॉक्सचं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक डोकं, ज्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात, ते किंवा क्लच कधी बदललं असेल तर बिल मागा. बदललेलं असणं ही माझ्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे, भाव पाडायचं कारण नाही. उलट काहीच बदललेलं नसेल तर गाडीच्या किमतीतून लाख-दीड लाख वेगळे काढून ठेवा. तेवढे बाजूला ठेवणं जमत नसेल तर ही गाडी आत्ता घेऊ नका.

एक प्रश्न अगदी स्पष्ट विचारा: "रीमॅप केलीय का?" युरोपात याच इंजिनाला फोर बाय फोर गाडीत वेगळ्या गिअरबॉक्ससोबत २८० एनएम दिले होते. आपल्याकडे ते २५० वर ठेवलं, कारण या कोरड्या क्लचची हद्द तेवढीच आहे. सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारे ती हद्द पार करतात. पिकअप वाढतो यात वाद नाही, पण क्लचचं आयुष्य त्यात जातं. रीमॅप केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी हात लावत नाही.

पाणी आणि ऊन

दुसरी नाजूक जागा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटची. दोन्ही मिळून प्लॅस्टिकचं एक घर असतं आणि वय झालं की ते गळायला लागतं. गळती बारीक असते, खाली थेंब पडत नाही, गरम इंजिनावर वाळून जाते. म्हणून टॉर्च घेऊन त्या बाजूला गुलाबी-जांभळी खपली दिसते का शोधा. गाडी चालवून आल्यावर बॉनेट उघडलं आणि गोडसर वास आला तरीही संशय घ्या. कुलंटच्या टाकीत पाणी पांढरट किंवा गढूळ दिसलं तर कुणीतरी साध्या पाण्याने टॉपअप करत आलाय. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं हे कुकरच्या तळाचा पांढरा थर बघून सगळ्यांना माहीत आहे. तेच पाणी रेडिएटरात जाऊ देऊ नका. कंपनीने सांगितलेलाच कुलंट घाला. रस्त्यात अडलंच तर डिस्टिल्ड वॉटर, तेही घरी पोचण्यापुरतं.

हे घर गळतंय असं दिसलं तर पूर्ण बदला, चिकटवाचिकटवी करून मे महिन्यात हैदराबादला निघू नका. उमरग्याच्या पुढे गाडी तापून उभी राहिली की टोचन करून आणण्यात जितके पैसे जातात त्यापेक्षा आधी बदलून घेणं परवडतं.

कागद, आणि पुरातल्या गाड्या

हैदराबादची गाडी भाव ऐकून स्वस्त वाटते. पण दुसऱ्या राज्याची एनओसी आणि इथे पुन्हा भरायचा रोड टॅक्स धरला की फरक बराच कमी होतो. तो हिशेब आरटीओत जाऊन आधी काढा, बयाणा नंतर द्या. एमएच-१३ किंवा पुण्याच्या पासिंगची गाडी असेल तर काम सोपं: फॉर्म २९, ३०, बँकेचा बोजा असेल तर ३५. चलनं ऑनलाइन तपासा.

पुराचं मात्र नीट बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, त्याच सप्टेंबरात पुणे, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद. या तिन्ही ठिकाणच्या गाड्या आपल्या बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेत का बघा. सीट कव्हर धुता येतात, या जागा कुणी धूत बसत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात ऑइल बदला, आधीचा मालक कितीही नीटनेटका असला तरी. ५डब्ल्यू-४० ग्रेड, डब्यावर फोक्सवॅगन ५०२ ०० हे मानक छापलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर डबा परत करा. पाच लिटरहून थोडं जास्त लागतं, म्हणून एक लिटरचा डबा जादा घ्या आणि उरलेलं डिकीत ठेवा. कंपनीचं सर्व्हिसचं अंतर १५ हजारांचं आहे. आपल्या उन्हाधुळीत मी ते कधीच पाळत नाही. आठ-नऊ हजार झाले की ऑइल आणि एअर फिल्टर दोन्ही बदलते.

गावात चालवताना एक सवय लावून घ्या. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून आपण सरकायचं नाही. गाडीभर जागा होऊ द्यायची, मग एकदाच ब्रेक सोडून जायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, म्हणजे क्लच सुटा राहतो. अर्धवट पाय ठेवलात तर तो घासत राहतो. सिग्नल लांबला तर न्यूट्रल. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं हे तर पापच समजा. आणि उतारावर किंवा चढावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी.

टर्बोसाठी एवढंच: लांबून आल्यावर शेवटचे तीन-चार किलोमीटर हळू चालवा. हैदराबादकडून येताना बोरामणी मागे पडलं आणि शहर जवळ आलं, किंवा पुण्याकडून येताना केगावचं विद्यापीठ दिसलं, की मी पाय सैल करते. घरी पोचेपर्यंत टर्बो आपोआप निवलेला असतो. इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला तर घाबरू नका, तो त्याचं काम करतोय.

पेट्रोलचं विचारतात म्हणून सांगते. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्या जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यातून निघतं, शेतकऱ्याच्या हाती त्यातून दोन पैसे जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही गाडी त्याआधीच्या काळातली आहे. टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं, त्यावर कुठलं इंधन आणि कमीत कमी किती ऑक्टेन ते छापलंय, ते वाचा. ॲव्हरेज थोडं कमी होतं ते धरून चला. दर सर्व्हिसला इंधनाच्या रबरी नळ्या बघायला सांगा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

टायरवर कंजुषी करू नका. २०५/५५ आर१६ हा माप सगळीकडे मिळतो. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा, कारण दुपारी तापलेल्या टायरवर घेतलेलं प्रेशर फसवं असतं. गाडी कमी उंचीची आणि लांब आहे, त्यामुळे आमच्या एमआयडीसीतल्या स्पीडब्रेकरवर मी ती तिरपी घेते, आधी एक चाक, मग दुसरं. खालची प्लेट पहिल्याच महिन्यात बघून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती तारेने बांधलेली सापडते. नवीन बसवा, तिच्यामागेच इंजिनाचा ऑइल पॅन आहे.

राहिला मिस्त्री. सोलापुरात या गाडीचं काम जाणणारे मोजकेच आहेत. गाडी घेण्याआधी त्यांच्यातल्या एकाशी ओळख करून घ्या, त्याच्याकडे गिअरबॉक्सचा स्कॅनर आहे का विचारा, आणि शक्य असेल तर गाडी बघायला त्यालाच सोबत न्या. त्याची फी आधी ठरवा आणि सौदा फिसकटला तरी ती द्या.